माळ अंगावर असताना

कावीळ उतरवायची माळ खुंटीला टांगून ठेवली तरी वाढते. काड्या वाळतात, गाठी सैल पडतात, दोरा लांबतो. हीच माळ माणसाच्या डोक्यावर ठेवली की लोक म्हणतात, कावीळ उतरते आहे.

*

दोंडाईच्याला लाल मिरची पथारीवर वाळते आहे. तोंडाला फडकी बांधलेल्या बायका ती पायानं उलटवतात. त्यातली एक, बेबाबाई, डबा घेऊन आलेल्या नवऱ्याकडे बघते आणि म्हणते, उन्हाकडे तोंड कर बरं जरा.

*

जठराच्या मागे, पाठीच्या कण्याजवळ, वीतभर लांबीचा एक अवयव असतो. शाळेच्या पुस्तकात त्याला स्वादुपिंड म्हणतात. बाजारात बकरा सोलणाऱ्याला विचारा. काळीज, गुर्दे, फोफसं, वजडी एवढं तो दाखवेल. हे दाखवणार नाही.

*

कमलबाईंनी पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलला. कशासाठी, ते देवालाही मोठ्यानं सांगितलं नाही. मागे शेजारीण उभी होती.

*

ऑपरेशनच्या आधी पोटात हवा भरतात. आत जागा व्हावी म्हणून.

*

“नाना कुठे?”
“सुरतेला. लेकीकडे.”
“बरेच दिवस झाले.”
“लेकीकडे गेल्यावर दिवस कोण मोजतं?”

*

मिरचीचं सोडलं तर हे सगळं एकाच घरातलं आहे. मिरची पुढे येऊन मिळते.

घर एरंडोलपासून आत, कपाशीच्या शिवारात. तोताराम, गावाचा नाना, तिथे दर रविवारी काविळीचं औषध देतो. त्याचा बाप द्यायचा, आजा द्यायचा. एका झुडपाच्या काड्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, दोऱ्यात गाठी मारून ओवायचे, कडं करून माणसाच्या डोक्यावर ठेवायचं. माळ लांबत जाते. डोक्यावरून कानावर, कानावरून गळ्यात, मग छातीवर. बेंबीपर्यंत आली की कावीळ गेली. बहुतेकांची जाते. म्हणून रविवारी अंगणात धुळ्याकडची, चाळीसगावकडची, कधी मध्य प्रदेशातलीही माणसं बसलेली असतात.

औषधाचा रुपया घ्यायचा नाही, चहासुद्धा घ्यायचा नाही. हे आज्याचं. माळ अंगावर असताना दुसरं कुठलंही औषध चालत नाही. हेही आज्याचं. आणि ज्याला तोतारामच्या घरून माळ नाकारली तो वाचत नाही. हे आज्याचं नाही, लोकांचं. बाप थकला की एखाद्या अगदीच गेलेल्या माणसाला हात जोडून परत पाठवायचा. माणूस चार दिवसांनी जायचा. त्यावरून ही समजूत पडली.

या श्रावणात तोतारामचे स्वतःचे डोळे पिवळे झाले.

*

जळगावचा दवाखाना. मुंबईहून महिन्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टर पुनम कॉटच्या कडेला उभ्या आहेत आणि बोटानं चादरीवर चित्र काढून दाखवत आहेत. चादरीवर काही उमटत नाही. तरी तोताराम बघतो आहे.

“इथे गाठ. स्वादुपिंडाच्या डोक्यात. पित्ताची नळी इथूनच जाते, ती दाबली गेली म्हणून कावीळ. गाठ लहान आहे, रक्तवाहिन्यांना चिकटलेली नाही. त्यामुळे दुर्बिणीतून जमेल असं वाटतंय. पोटाला पाच भोकं. एकातून कॅमेरा, बाकीच्यांतून हत्यारं. स्वादुपिंडाचं डोकं, पित्ताशय, आतड्याचा सुरुवातीचा भाग, एवढं काढायचं आणि उरलेलं पुन्हा जोडायचं. काढलेलं बाहेर घ्यायला बेंबीच्या खाली चार बोटांची एक चीर. आत गेल्यावर अडचण दिसली तर पोट उघडावं लागेल, ते आधीच सांगते.”

तोतारामच्या मुलानं, किरणनं, विचारलं, “व्रण दिसतील का?”

“नानांना काय मॉडेलिंग करायचंय?”

किरण हसला. त्याची आई, कमलबाई, हसल्या. तोतारामही हसला, कारण सगळे हसले.

“लहानशा खुणा राहतील. मोठी चीर पायजम्याच्या आत जाते. पण भोकं लहान म्हणून ऑपरेशन लहान समजू नका. आत तेवढंच मोठं आहे.”

आणि मग, जाता जाता, फाईल बगलेत घेऊन:

“तुमचं लवकर सापडलं. या भागातले पेशंट असे येत नाहीत. एरंडोलकडे कोणी एक जण आहे म्हणे, रविवारी माळ का काय देतो. साधी कावीळ महिन्या-दीड महिन्यात आपोआप उतरते, नाव त्याचं होतं. आणि ज्यांना तुमच्यासारखी गाठ असते ते त्याची माळ घालून बसतात. आमच्याकडे येतात तेव्हा हत्यार लावण्यासारखं काही राहिलेलं नसतं. मला एकदा भेटायचंय त्या माणसाला.”

किरण खिडकीतून खाली रिक्षा बघत होता.

तोताराम चादरीवरच्या न उमटलेल्या चित्राकडे बघत होता.

काहीतरी बोलायला हवं होतं, कोणीतरी. कमलबाई बोलल्या.

“असतात बाई असे लोक.”

*

नंतरचं थोडक्यात. पोट उघडावं लागलं नाही. कुशीतून बाहेर आलेल्या नळ्या एकेक करून निघाल्या. जेवताना प्रत्येक वेळी पाचक कॅप्सूल, त्या गावात गॅसच्या म्हणून सांगायच्या. सलाईनमधून द्यायच्या औषधासाठी पंधरा दिवसांनी जळगाव, त्याला पेन्शनचं काम म्हणायचं. वजन उतरलं, ते सुरतेचं पाणी मानवलं नाही म्हणून. दवाखान्यातून निघाल्यावर तोताराम थोडे दिवस खरोखरच सुरतेला लेकीकडे राहिला. म्हणजे तेवढं तरी खोटं नको.

भोकं इतकी लहान होती म्हणून हे जमलं. बेंबीपासून वरपर्यंत टाके असते तर जमलं नसतं. किरण हे आईजवळ एकदा बोललाही, सुटल्यासारखा. तोताराम बाजूच्या खोलीत जागा होता.

आणि एक. तो नव्हता तेव्हा माळा बंद पडल्या नाहीत. कमलबाईंनी ओवल्या. शेजारचा छगन, जो रविवारी अंगणात लोकांना ओळीनं बसवतो, त्यानं डोक्यावर ठेवल्या. लोक बरे झाले. जेवढे आधी व्हायचे तेवढेच.

“तुमचं नाव घेऊनच ठेवत होतो, नाना,” छगन म्हणाला. त्याला वाटलं, नाना खुश होतील.

*

मार्गशीर्षातला रविवार. अंगणात गोणपाटांवर माणसं. तोताराम खाटेवर, पोटाशी उशी. उशी कशाला, तर थंडी.

एका पोराला ताप येऊन गेलेला, उलट्या झालेल्या. त्याच्या डोक्यावर माळ ठेवली. एक कॉलेजची मुलगी, तिच्या वसतिगृहात चौघींना कावीळ. माळ ठेवली. कौतिकआबा नुसतेच येऊन बसले होते. ते दर रविवारी येतात, बिडी ओढतात, कोण कुठून आलं ते ऐकतात.

मग छगननं हाक मारली, “दोंडाईचा!”

पुढे आला तो जीवराम. पन्नाशीचा, उंच, शर्ट अंगावर सैल. मागे त्याची बायको बेबाबाई, हातात पिशवी. जीवराम खाली बसला आणि डोकं पुढे केलं, माळ ठेवायला सोपं जावं म्हणून.

तोतारामनं त्याची पापणी खाली ओढली.

*

“ताप उना व्हता का?”

“नही.”

“उलटी?”

“नही. काहीच दुखत नही, नाना. फक्त खाज. रातभर नखं मारस मी. हाई बाई सांगस, तू रातले भांडा घासस का काय.”

लोक हसले. जीवरामही.

“परसाकडचा रंग?”

जीवरामनं मागे बघितलं. बायका बसलेल्या होत्या. उत्तर बेबाबाईनं दिलं.

“मातीना मायक. भिताडले लावानी पांढरी माती ऱ्हास ना, तशी.”

“भूक?”

“गई. पट्टाले दोन भोकं नवीन पाडनू,” जीवराम म्हणाला.

*

हे प्रश्न तोतारामचे नव्हते. तो कधीच काही विचारायचा नाही, पापणी ओढायची आणि माळ ठेवायची. हे डॉक्टर पुनमचे प्रश्न होते. त्यांनी त्याला विचारले होते आणि त्यानं जीवरामसारखीच उत्तरं दिली होती. नाही, नाही, फक्त खाज, पांढरी, गेली.

छगननं माळ पुढे केली.

तोतारामनं ती घेतली. हातात धरली. काड्या ओल्या होत्या, सकाळीच तोडलेल्या.

ठेवली की जीवराम उठेल. बेबाबाई पाया पडेल. संध्याकाळच्या गाडीनं दोघं दोंडाईच्याला जातील. माळ कानावर येईल, गळ्यात येईल, छातीवर येईल, कारण ती येतेच. दोघं रोज बोटानं मोजतील. तोपर्यंत आत

*

“याले माळ नही,” तोताराम म्हणाला.

*

कौतिकआबांनी बिडी तोंडातून काढली.

“का बरं नही, नाना?” बेबाबाई.

“जयगावले जा. आजच. सोनोग्राफी करा.” तोतारामनं हात जळगावच्या दिशेला केला.

“म्हंजे मी वाचत नही, असंच ना?” जीवराम अजून डोकं पुढे करूनच बसला होता. आता त्यानं ते वर उचललं.

“तसं नही रे भाऊ.”

“तुम्ही ज्याले माळ देत नहीत तो वाचत नही. बठ्ठा खान्देश सांगस.”

“लोक काही बी सांगतस.”

“मंग द्या ना माळ.”

छगन खाटेजवळ वाकला. हळू बोलला, पण सगळ्यांना ऐकू गेलं. “नाना, हाई काय चालू शे? आपल्या दारून कोणी डॉक्टरकडे गया का कधी?”

कौतिकआबा छगनकडे बघून बोलले, तोतारामकडे नाही. “तुले समजत नही का? सुरतेले जाईसन नाना हुशार व्हयना. जयगावना डॉक्टरसंगे टक्केवारी ठरनी व्हई.”

कोणीतरी हसलं. आज्यापासून ज्या घरानं चहा घेतला नाही त्या घराच्या अंगणात.

बेबाबाई मध्ये पडली, जसं भाजीच्या भावात मध्ये पडतात. “असं करू नाना, तुम्ही माळ बी द्या, आम्ही जयगावले बी जातस.”

“माळ अंगवर ऱ्हायनी तर दुसरं औषद चालत नही,” मागून एक म्हातारी म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं. हा नियम सगळ्यांना पाठ होता.

नियम आत्ता बदलता आला असता. चालेल, म्हणता आलं असतं. पण तोतारामला ठाऊक होतं. माळ डोक्यावर पडली की ही दोघं जी गाडी धरतील ती दोंडाईच्याचीच.

*

कमलबाई दारात आल्या होत्या. त्यांच्या मागे किरण. नवरा काय करणार आहे हे त्यांना त्याच्या खांद्यावरून कळलं असावं.

“अहो,” त्या म्हणाल्या. एवढंच.

तोतारामनं सदरा वर केला.

“मना पोटमा गाठ व्हती. कॅन्सर. सुरतेले नंतर गयू मी, आधी जयगावले व्हतू. याले जे व्हई ऱ्हायनं तेच माले व्हतं. अशीच खाज, असाच रंग. त्यासनी गाठ काढी. म्हनीसन सांगस, जा.”

सगळे बघायला लागले. पुढे सरकून बघायला लागले. पोट होतं. म्हातारं, खपाटीला गेलेलं, पांढऱ्या केसांचं. त्यावर पाच ठिकाणी करड्या, हरभऱ्याएवढ्या खुणा.

“कथी शे?” कोणीतरी विचारलं. कुठे आहे?

“हाई देखा. हाई एक. हाई दोन.”

कौतिकआबा जवळ आले, चष्मा सारखा केला. “हाई तर डास चावेल शे.”

आता सगळेच हसले. वसतिगृहातली मुलगीसुद्धा.

“मनी म्हसनं ऑपरेशन व्हयनं व्हतं,” आबा म्हणाले आणि हात छातीपासून पोटाखालपर्यंत नेला, “आठेथीन तठेलगून टाका पडनात. आनि कॅन्सर एवढाशा भोकमातून निंघना? कॅन्सरवाला मानूस असा खाटवर बशीसन गप्पा मारस का?”

“दुर्बिणीतून करतात, आबा,” किरण दारातून म्हणाला. त्याचा आवाज कोणाच्या कानावर पडला नाही. किंवा पडला, पण हाच किरण दोन महिने सुरत-सुरत सांगत होता.

जीवरामनं मान हलवली. त्याला कोणावर राग नव्हता. तो बेबाबाईला म्हणाला, “चाल, नाना आपले दुसरं काही तरी सांगी ऱ्हायनात. आपला टाईम भरना, एवढंच.” आणि गुडघ्यावर हात ठेवून उठायला लागला. माळेशिवाय तो कुठेही जाणार नव्हता. जळगावला तर नाहीच. ज्याला माळ नाकारली त्यानं दवाखान्यात कशाला जायचं?

*

तोतारामचा हात नाडीकडे गेला.

आधी नुसता गेला. तिथे थांबला. समोर बायका होत्या. त्याची बायको होती. पोरं होती. हा माणूस विहिरीवर आंघोळ करतानासुद्धा धोतर नेसून करायचा. दवाखान्यात नर्सनं चादर ओढली तेव्हा त्यानं डोळे मिटले होते. इथे डोळे मिटून

नाडीची गाठ सुटेना.

सुटली.

त्यानं पायजमा दोन बोटं खाली केला. अजून दोन.

म्हातारीनं पदर तोंडावर घेतला. मुलगी उठून गोठ्याकडे गेली. छगननं आभाळाकडे बघितलं. कौतिकआबांनी बिडी विझवली, जी केव्हाच विझली होती.

जीवराम अर्धा उठलेला तसाच.

बेबाबाईनं मान वळवली नाही. ती जवळ आली. मिरचीनं भाजून जाड झालेल्या बोटांनी तिनं पदर खोचला आणि वाकून बघितलं. चार बोटांची आडवी चीर, गुलाबी, एका टोकाला जराशी वाकडी. तिनं हात लावला नाही. पण एवढ्या जवळून बघितलं, की तोतारामला तिचा श्वास पोटावर लागला. त्यात तिखट वास होता.

“इतली मोठी गाठ व्हती?”

“गाठ लहान व्हती. तिना आजूबाजूनं बी काढनं पडनं.”

“आते?”

“आते अजून औषद चालू शे. पुढलं डॉक्टरले बी माहीत नही. पन मी बठेल शे ना तुना समोर.”

ती सरळ झाली. त्याच्या डोळ्यांत बघितलं. डोळे पांढरे होते. बहुधा तिनं तेवढंच बघायचं ठरवलं होतं. आणि मग तिनं ते विचारलं, आवाज न चढवता, जसं दुकानात विचारतात की हे तुम्ही घरी वापरता का.

“तुमनं सोतानं औषद लिधं व्हतं का तुम्ही? माळ घाली व्हती?”

अंगण ऐकत होतं. कमलबाई ऐकत होत्या. किरण ऐकत होता.

“घाली व्हती,” तोताराम म्हणाला. “तीन रविवार. काही फरक पडना नही.”

बेबाबाईनं नवऱ्याचा दंड धरला.

“चाल.”

“कथा?” जीवरामनं विचारलं. कुठे?

“तोंड बंद ठेव आनि चाल. जयगावनी गाडी कवा शे, भाऊ?” हे छगनला. छगननं सांगितलं. किरणनं दवाखान्याचं नाव सांगितलं, डॉक्टरांचं नाव सांगितलं, मग म्हणाला, थांबा, मी सोडतो स्टँडवर, आणि मोटरसायकल काढायला गेला. त्याला तिथून जायचंच होतं.

जीवराम चपला घालताना दोनदा मागे बघत होता. तोतारामकडे नाही, त्याच्या हातातल्या माळेकडे.

*

मोटरसायकल गेल्यावर अंगणात बरेच जण उरले होते. कोणी उठलं नव्हतं.

“आते काय, माळ बंद का?” म्हातारीनं विचारलं.

“बंद,” तोताराम म्हणाला.

“मना नातूना नंबर अजून ऱ्हायना शे. त्याले बी ताप उना व्हता, उलटी बी व्हई. त्याले तर चालस ना? त्यानी तर गाठनी कावीय नही ना?”

तोतारामनं नातवाकडे बघितलं. खरं तर तिचं बरोबर होतं. त्या पोराची उतरलीच असती. माळेनं किंवा माळेवाचून.

“चालस ना?” तिनं पुन्हा विचारलं. छगननं खाटेवरची माळ उचलली आणि पोराच्या डोक्यावर ठेवली. ठेवताना तो नानांचं नाव घ्यायचा ते त्यानं या वेळी घेतलं नाही. दुसऱ्यानं डोकं पुढे केलं.

कौतिकआबा उठले. जाताना खाटेजवळ थांबले. “सांगतास तर आम्ही देखाले येतूत ना रे, तोताराम. गावमा कोणाले माहीत नही. परका बाईले दाखाडनं पडनं.”

तोतारामचे हात अजून नाडीवर होते. गाठ बसत नव्हती. कमलबाई अंगणात उतरल्या, सगळ्यांसमोर त्याच्यापुढे बसल्या आणि त्यांनी नाडी बांधली. बांधून झाल्यावर वर बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं. त्यांनी फक्त सदरा खाली ओढला.

*

स्वतःचे डोळे आरशात पिवळे दिसले, त्याच दिवशी दुपारच्या एसटीनं तोताराम जळगावला डॉक्टरकडे गेला होता.